वेगळी काढलेली फाइल

४ नोव्हेंबर, मंगळवार

उडवली फाइल! बॅकअपमधूनही. काडीचंही वाईट वाटलं नाही.

तारापूरच्या एका रंग कारखान्यात आमचा पंप कंट्रोलर मध्येच बंद पडतोय. हातात फक्त एक आकडा — प्रोग्रॅम कुठे अडकला त्याचा पत्ता. तो पत्ता कुठल्या ओळीचा, हे डीबग फाइल सांगते. माल पाठवताना प्रोग्रॅममधून ती माहिती वेगळी काढायची, जपून ठेवायची — हे माझ्या हाताखालच्या जमुनाचं काम. आमच्या ओळींचा मशीन कोड बनवणारा कंपायलर मध्यंतरी बदललाय, आता नव्याने काढली तरी जुळायची नाही. बस शोधत!

गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकासमोर माझी चूक दाखवत होती. विक्रमगडहून येऊन सहा महिने झाले नाहीत! मीच शिकवलं हिला सगळं.

५ नोव्हेंबर

"सर, फाइल दिसत नाय." अगदी रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "ठेवली होतीस का नक्की?" मजा आली.

साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. ओळ सापडली नाही तर नोकरी गेली.

६ नोव्हेंबर

बाई मशीन कोड हाताने वाचतेय! हजारो ओळी, वहीत पेन्सिलने उतरवून. दुपारी डबासुद्धा उघडला नाही. मी मुद्दाम शेजारी बसून भजी खाल्ली.

७ नोव्हेंबर

निघताना आडवी आली. "सर, दोन मिनटं हायत काय? एकट्यात बोलायचं हाय."

गयावया करायची असणार! "जे काय ते साहेबांना सांग," म्हटलं आणि रिक्षात बसलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. दहा मिनिटांत बॅग उचलून गेली. वही टेबलावरच राहिली.

सुटलो एकदाचा!

१० नोव्हेंबर

आता ती ओळ मी शोधायची म्हणे. दुपारपर्यंत डोकं आपटलं, मग तिची वही उघडली.

शेवटच्या पानावर तारीख — शुक्रवारची. पत्ता, फंक्शन, ओळ, सगळं सापडलेलं. ओळ माझी. माझ्या हातची चूक! खाली लिहिलंय — "सरांना एकट्यात सांगणे. साहेबांसमोर नको."

लाज वाटली. खरंच वाटली. रात्री जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर

ओळ सुधारली. कंट्रोलर चालू. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, "पोरगी मेहनती होती रे. परत बोलवू या का तिला?"

नको म्हटलं.