उजवीकडचा ठोका

जैनथ

प्रिय दौलत,

पौर्णिमेला तुझ्या घरची माणसं आपल्या लग्नाची तारीख ठरवायला येणार, म्हणून आमच्याकडे आत्तापासून सारवासारव सुरू झालीय. त्याआधी तुला पत्र लिहिते म्हटलं, तर आईनं बजावलं की खुशाली लिही, नको ते लिहू नकोस. मी मान डोलावली. तेव्हा आधी खुशाली.

आदिलाबादच्या दवाखान्यात आम्हा नर्सिंगच्या पोरींना सध्या ईसीजी वाचायला शिकवतायत. तू मुधोळला पोरांना बाराखडी शिकवतोस ना, तसंच. फक्त आमची अक्षरं हृदय स्वतःच काढतं. गरम सुई कागदावर सरकते. आधी एक लहानसा उंचवटा, मग सुळका, मग सावकाश येणारी टेकडी, आणि पुन्हा सपाट. सुरुवातीला मला सगळ्यांची हृदयं सारखीच वाटायची. हळूहळू एकेकाचा स्वभाव दिसायला लागला. कुणाचं घाईचं, कुणाचं मध्येच ठोका विसरणारं. आता बसनं जैनथला येताना कापसाच्या शेतांवरून नजर फिरते आणि बांध, झाडं, टेकड्या सगळं कुणीतरी कागदावर काढत चाललंय असं वाटत राहतं. कंडक्टरनं तिकीट विचारलेलंही ऐकू येत नाही. हसू नकोस.

सराव आम्ही एकमेकींवरच करतो. एका दुपारी माझी पाळी आली. पंखा कुरकुरत होता, मनगटांना पट्टे, छातीवर गार जेली, आणि शेजारी माझं काळीज कागदावर उतरत होतं. इतकं निवांत वाटलं की डोळाच लागला. जागी झाले ती हशानं. कागदाची पट्टी उलटी आली होती. सुळका वर जायचा तिथे खाली गेलेला. दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली की असं होतं, आणि आमच्यात ते नेहमीचंच. डॉक्टर सर तेलुगूत 'कुडी', 'एडम' सांगतात आणि आम्ही मराठी पोरी उजव्याडाव्यात गडबडतो. तारा लावणारी माझी मैत्रीण बयना बिचारी बोलणी खाऊन बसली. पुन्हा लावल्या, पुन्हा उलटी. मग सरांनी स्वतः लावल्या, तरी तेच.

तारांचीच चूक असली तर छातीवरून काढलेल्या पट्ट्या नीट येतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझे सुळके मात्र जसजसं डावीकडे जावं तसतसे लहान होत गेले, गावापासून दूर जाताना ढोलकीचा आवाज विरतो तसे. सरांनी नळी छातीच्या उजव्या बाजूला टेकवली, बराच वेळ ऐकलं आणि मग तीच माझ्या कानात दिली. दौलत, माझं हृदय उजवीकडे आहे. जन्मापासूनच. एक्स-रे काढला, तर पोट, यकृत, सगळंच आरशात पाहावं तसं. सगळ्या तपासण्या झाल्यावर सर म्हणाले, कशातही खोट नाही, संसाराला, मुलाबाळांना काही अडचण नाही. तेव्हापासून मी स्वतःलाच नवीन वाटते. पाणी शेंदताना, विहारात वंदनेला बसताना हात आपोआप उजवीकडे जातो. इतकी वर्षं मी भलत्याच दारावर थाप देत होते, असं काहीसं वाटतं.

आईला सांगितलं तर तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "वरून तं दिसत नाही ना, माय? मंग कायले सांगतं कोणाले?" तिचं तरी काय चुकलं. माझ्या चुलतबहिणीचं, विमलचं, जमलेलं लग्न फिट येते अशा नुसत्या अफवेनं मोडलेलं तिनं पाहिलंय. विमल अजून घरीच आहे.

खुशाली हे निमित्त होतं, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. मला तू फार आवडतोस, आणि म्हणूनच भीती वाटते. पण जन्मभर शेजारी निजणाऱ्या माणसाला माझं काळीज कुठे धडधडतं हे कुणा परक्या डॉक्टरकडून कळावं, हे मला सोसणार नाही. तुझ्या आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण येशील तर हे मनात धरून ये, नाहीतर येऊ नकोस. पौर्णिमेला दारात कुणी आलं नाही तर आईला मीच सांगेन की मी लिहिलं होतं. आत्ता मीठ आणायला जाते असं सांगून निघतेय. पत्र पेटीत पडलं की माझ्या हातात काही उरणार नाही.

तू म्हणशील तर तुझीच,
तारा