हरवलेला पाव व्होल्ट

३ मार्च, सोमवार
मुलीच्या प्रयोगशाळेतला सोलर सेल अखेर माझ्या टेबलावर. दोन काचांमध्ये पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा नखाएवढा काळा थर. टाकाऊच होता म्हणे. माझी भुणभुण थांबावी म्हणून दिला, असं आमच्या हिचं मत. मिळायला हवा सव्वा व्होल्टच्या वर, मिळतो एक. उरलेला पाव जातो कुठे, यावर पोरगी शुक्रवारी समितीपुढे बोलणार. पटलं तर काम पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तोंड एवढंसं झालंय तिचं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला बाप घरात असताना! गुरुवारपर्यंत शोधून देतो.

४ मार्च
मुलीने फोनवर समजावलं. उन्हाने सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेर पोचण्याआधीच स्फटिकातल्या खड्ड्यांत पडतात, थरांच्या सांध्यांवर अडकतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. थोडक्यात, लूज कनेक्शन. मला पहिल्यापासून वाटतच होतं. सेलला कपड्यांचे चार चिमटे लावले. माझ्या मीटरवर १.०८.
संध्याकाळी हिने चिमटे काढून नेले. संशोधनाला घरातून पाठिंबा शून्य.

५ मार्च
अंघोळ करताना सुचलं. वरची काचच ऊन अडवते आहे. ब्लेडने कड सोडवून काढून टाकली. ओल लागू देऊ नका, असं मुलीने बजावलं होतं. ओल आहेच कुठे? ऊन सगळ्यात चांगलं स्वयंपाकघराच्या खिडकीत, म्हणून सेल तिथे. शेजारी कुकर फुसफुसत होता, पण तो आपल्या कामात, मी माझ्या. दुपारी १.१९.

६ मार्च, सकाळ
काळा थर चक्क पिवळा झालाय. ऊन आतपर्यंत मुरलं. १.३१!
शिवाय मीटरच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिमुकलं चित्र लुकलुकतंय. यापूर्वी कधी आलं नव्हतं. म्हणजे मीटरनेसुद्धा सेलला बॅटरी म्हणून मान्यता दिली.
मुलीला कळवलं, उद्याचं भाषण बदल. रंग कोणता झाला, हे तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "बाबा, त्याला आता काही करू नका. नुसता घेऊन या." भारावली बिचारी.

७ मार्च
तिच्या यंत्रावर माझा सेल ०.६२. महागडं यंत्र आहे, नखरे असायचेच.
समितीतल्या बाईंनी विचारलं, ओल लागली तर नेमकं होतं काय? पोरीने माझा पिवळा सेल वर धरला. म्हणाली, "हे होतं. खड्डे, सांधे आणि ओल, ही तीन कारणं मी सांगितली. चौथं मागच्या रांगेत बसलंय."
सगळे वळून पाहायला लागले. मी उठून नमस्कार केला. टाळ्या पडल्या, थोडं हसूही. काम मंजूर झालं. बाहेर आल्यावर पोरीने घट्ट मिठी मारली, डोळे पुसले, सेल माझ्या खिशात घातला आणि ब्लेड काढून घेतलं.
व्होल्टेजच्या कारणांत मानाने चौथा नंबर. रेडिओवाल्याला आणखी काय हवं?

८ मार्च
ही म्हणते, ते चित्र मीटरची स्वतःची बॅटरी संपत आल्याचं असतं, मोबाइलवर येतं तसंच. अशा वेळी मीटर वाट्टेल ते दाखवतो, असं मुलगीही म्हणते. दोघींच्या समाधानासाठी नवी बॅटरी आणून घातली. तोच सेल, ०.६०.
आजकाल बॅटऱ्या अगदीच टाकाऊ यायला लागल्यात. जुनीच परत घातली.
१.३४. जिवात जीव आला.