गौलीगुड्याची खोली त्रिवेणीला, पण खुशीने नव्हे

मी, श्रीमती निर्मला हणमंतराव उदगीरकर, वय ७६, निवृत्त ड्रॉइंग टीचर, राहणार गौलीगुडा, हैदराबाद, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन जळतंय, त्याचा दाखला कोणी देत नाही. आधीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत त्रिवेणीचे नाव लिहून मीच खोडले होते.

१. राहते घर (तळमजल्यावरची क्लासची खोली सोडून) व बँकेतील ठेवी चिरंजीव संदीपला.

२. दागिने सूनबाई शिल्पाला. माझ्या नातीला, रसिकाला, माझ्या क्लासातून काढून कुकटपल्लीला त्रिवेणीकडे तिनेच घातलं. तरी देते.

३. त्रिवेणी माझीच विद्यार्थिनी, नऊ वर्षं माझ्या हाताखाली शिकलेली. माझ्याकडे मूल चित्र काढी आणि मी त्यावर पेन्सिल फिरवून ते नीट करी. चाळीस वर्षांत ग्रेडच्या परीक्षेला एक मूल नापास नाही! ही बाई मुलांच्या कागदाला हातच लावत नाही. बारा-तेरा वर्षांची पोरं विषय स्वतः ठरवतात, चित्र बिघडवतात, स्वतःच निस्तरतात. आणि तिच्या दाराशी पालकांची ही रांग. हौ, लागू दे.

गेल्या डिसेंबरात तिच्या क्लासचं प्रदर्शन होतं. रसिकाने सुलतान बाजारातली बांगडीवाली काढली होती. चेहरा जांभळा, हात भलतेच लांब. आसपास कोणी नाही असं पाहून मी पर्समधून पेन्सिल काढली, हात आखूड केले, नाक सरळ केलं. सवय मेली! मागे वळले तर रसिका उभी. रडली नाही. चित्र भिंतीवरून उतरवून माझ्या हातात दिलं.

"आजी, हात मी मुद्दाम लांब केले होते. ती दिवसभर लोकांचे हात धरते ना. आता हे तुझं झालं, तूच ठेव."

त्रिवेणी म्हणाली, "बाई, बसा, चहा घ्या." त्या चहाचा मला अजून राग आहे. तेव्हापासून मी खोलीत आले की रसिका वही झाकते.

४. तळमजल्यावरची क्लासची खोली त्रिवेणीला. खुशीने नव्हे. संदीप तिचं गोडाऊन करील, ते मला सोसणार नाही. दारावरची पाटी मात्र माझ्याच नावाची राहील. तेवढा मोठेपणा मला हवा.

५. त्रिवेणी, हे नीट वाच. तू शिकवतेस तशीच शिकवत राहिलीस, तर रसिका एक दिवस तुलाही नको म्हणेल आणि तुझ्या वर्गातून उठून जाईल. तेव्हा तुझ्या पोटात कसं तुटतं ते मला बघायचं होतं. बघायला मी नसेन. तू तिला अडवू नकोस. मी तुला अडवलं होतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, दोघांसमक्ष वाचून सही केली.

निर्मला ह. उदगीरकर

साक्षीदार:
१. चिन्मय देगलूरकर, वकील
२. मेधा कंधारकर, शेजारी

गौलीगुडा, हैदराबाद
१४ फेब्रुवारी २०२५