कुजबुज्याची नेत्रतपासणी

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझे गुडघे कुरकुरतात हे कळलं आणि जावईबापूंनी तुझी खोली वरच्या मजल्यावर हलवली हेही कळलं. अशी काळजी घेणारा जावई शोधून सापडायचा नाही.

इकडे आमच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरला अक्कल फुटली आहे. गेल्या प्रयोगात माझ्या हातून संहितेची दोन पानं एकदम उलटली गेली आणि मी विंगेतून भलतंच वाक्य पुरवलं. नायिकेने ते इमानेइतबारे उचललं आणि नवरा समोर धडधाकट बसलेला असताना त्याच्या नावाने हंबरडा फोडला. यात दोष कुणाचा? स्वतःचा नवरा जिवंत आहे की नाही हे जिला प्रॉम्प्टरला विचारावं लागतं, तिचा. पण मॅनेजरने मला फर्मावलं की डोळे तपासून दाखला आण, नाहीतर नव्या नाटकाला विंगेतली खुर्ची दुसऱ्याला देतो.

म्हणून गेलो आमच्या भागातल्या सार्वजनिक रुग्णालयात. नेत्रविभागाच्या दारावर पाटी आहे, डोळ्यांची सर्वांगीण तपासणी एकाच छताखाली. छत एक आहे खरं, पण त्याखाली रांगा चार, आणि पहिल्या रांगेत कशासाठी उभे होतो ते चौथ्या रांगेत कळतं. भिंतीला लागून बाकं आणि समोर अक्षरांचा तक्ता. तपासनीस बाई एकेकाला उभं करून, एक डोळा झाकून, सगळ्यांदेखत तो वाचायला लावते. दिवसभर एकच संहिता, आणि एका तरी नटाला पाठ असावी! माझ्याआधी एक शिवणकाम करणारी बाई होती. ती मधल्या ओळीला अडकली ती अडकलीच. कुणी वाक्यात थांबलं की माझ्याच्याने राहवत नाही, तुला ठाऊक आहे. मी बाकावरून ओठ न हलवता पुढचं अक्षर पुरवलं. तिने उचललं. मग शेवटच्या ओळीपर्यंत पुरवत गेलो. तिच्यानंतरच्या आजोबांनाही पार नेलं. तपासनीस बाईला पत्ताच नाही. माझी पाळी येईपर्यंत तक्ता असा मुखोद्गत झाला होता की डोळे मिटून म्हटला असता. जवळजवळ तसाच म्हटला. दृष्टी उत्तम, असा शिक्का घेऊन बाहेर पडलो.

पुढच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईने डोळ्यात फुस्सकन वारा सोडला आणि आतला दाब जास्त आहे म्हणाली. कसल्याशा यंत्रावर तपासायला पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे. बघू.

सर्वांस नमस्कार. उपदेश केलास तरी चालेल, लोभ मात्र आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

१० नोव्हेंबर

चि. कुजबुज्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. शाळेत कॉपी करणारी पोरं पुष्कळ पाहिली, पण डोळ्यांच्या तपासणीत कॉपी करणारा गाढव आपल्याच घरात निपजावा! तिथे निदान मास्तर तरी फसतो. इथे कोण फसलं रे? आणि स्वतःपुरती केलीस ती केलीस, वर बाकभर लोकांना वाटत सुटलास. मोठा दानशूर!

नायिकेला नावं ठेवू नकोस. पानं तुझ्या हाताने उलटली. लहानपणापासून तुझं हे असंच, ठेच लागली की दगडाला शिव्या.

दाबाचं मात्र मला आवडलं नाही. बाबांनाही डॉक्टरांनी दाबाचंच सांगितलं होतं आणि त्यांनीही ते हसण्यावारी नेलं. यंत्राची तपासणी चुकवलीस तर माझ्याशी गाठ आहे. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी मी मुकाट्याने सगळ्या रांगांत उभी राहिले होते. माझी काही अब्रू गेली नाही.

प्रकृतीला जप. माया आहे तोवर बोलून घेते, तेवढं सहन कर.
तुझी ताई

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकाने यंत्रावर जाऊन आलो. यंत्र कसलं, पांढरी परात उभी करून ठेवली आहे. तिच्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे दिवा चमकला की बटण दाबायचं. पोरखेळ. शिवाय नादुरुस्त. उजव्या डोळ्याच्या वेळी काही दिवे लागत नव्हते. डाव्याच्या वेळी तर निम्म्याहून अधिक बंद. मी किती तरी वेळ अंधाऱ्या परातीपुढे बटणावर बोट ठेवून बसलो होतो. उठल्यावर डॉक्टरीणबाईला स्पष्ट सांगितलं की आमच्या रंगमंचावर एक दिवा गेला तरी मी वायरमनला फाडून खातो, तुम्ही अर्ध्या दिव्यांवर दवाखाना चालवता. ती हळूच म्हणाली की दिवे सगळे चालू आहेत.

तिच्या मते हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला रोज सकाळ-संध्याकाळ थेंब, तेही जन्मभर. तिचं वय आपल्या भाचीएवढं, आणि जन्मभराच्या गोष्टी मला सांगते! तक्ता मी कसा वाचला याचं तिला कोडं पडलं आहे म्हणे. पडू दे. थेंबांची बाटली फळीवर ठेवून दिली आहे, झाकणाला हात लावलेला नाही. दाखला मॅनेजरला पोचला आणि खुर्ची माझीच राहिली. काम फत्ते.

नव्या नाटकाच्या तालमी जोरात आहेत. संहिता इतकी रद्दी आहे की न वाचलेलीच बरी. राग आला तरी लोभाला धक्का लावू नकोस.
तुझा भाऊ

२३ नोव्हेंबर

चि. कुजबुज्यास,
आशीर्वाद.

यंत्राचे दिवे गेले होते म्हणतोस. बाबा काय म्हणायचे, विसरलास? ते म्हणायचे की बल्ब बनवणारे चोर झाले आहेत. आई बिचारी दर खेपेला आणखी मोठा बल्ब आणायची. शेवटी एके दिवशी भर दुपारी अंगणात, उन्हात बसून त्यांनी मला दिवा लावायला सांगितलं. तू तेव्हा नाटकाच्या दौऱ्यावर होतास. मी आत जाऊन बटण दाबलं आणि लावला म्हणून सांगितलं. ते म्हणाले, आता बरं दिसतं. हे मी आजवर तुला सांगितलं नव्हतं, कारण त्यांची ती फुशारकी मला मोडवली नाही. तुझी मात्र मोडणार आहे.

मला भीती वाटते रे. तू मला रागीट म्हणतोस, पण हा राग नाही, भीती आहे. फळीवर ठेवलेलं औषध डोळ्यात जात नाही. आणि दुसऱ्यांच्या चुकांवर जन्मभर पोट भरलंस म्हणून तुझी चूक होतच नाही असं नाही. पुन्हा जा. तक्ता खोटा वाचला म्हणून सांग. त्या शिवणवाल्या बाईचंही सांग. तिला कोण चष्मा देणार आता? तिच्या डोळ्यांवर तू शिक्का मारून दिलास.

तू गेलास असं कळेपर्यंत मी पत्र लिहिणार नाही. माया कुठे जात नाही, ती मुक्कामाला आहे.
ताई

५ डिसेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

गेलो होतो. तुझ्या धमकीमुळे गेलो असं समजू नकोस. तिथल्या लोकांना दोन शब्द सुनवावेत, असा विचार होता. तयारीही केली होती. रांगा, पाटी, परात, सगळ्यांवर बोलणार होतो.

बाकावर ती शिवणवाली बाई बसली होती. तर्जनीला हे एवढं बँडेज. मशीनची सुई नखातून आरपार गेली म्हणाली. डोळे चांगले आहेत असा दवाखान्याचाच शिक्का, तेव्हा आपलंच लक्ष नसणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि तसंच काम रेटलं. मला ओळखून सरकली आणि जागा करून दिली. मी डाव्या बाजूने येणाऱ्या माणसाच्या अंगावर आदळलो होतो, ते तिने पाहिलं असावं. आणि ताई, तिने माझे आभार मानले. त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून माझी लाज राहिली, असं म्हणाली. उभ्या जन्मात माझे आभार कुणी मानले नव्हते. प्रॉम्प्टरचे कोण मानतो? ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला हाताला धरून आत नेलं आणि डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. ती रागावली. रागावल्यावर चांगली बोलते. आजोबांना बोलवायला माणूस पाठवला, बाईला चष्म्याचा नंबर काढायला बसवलं आणि माझ्यासाठी दुसरा तक्ता टांगला. कोरा करकरीत, कधी न ऐकलेला. उजवा डोळा झाकून डाव्याने वाचायला सांगितलं. बाकावरून कुणी पुरवलं नाही. समोर धुकं आणि धुक्यात काही काळं. शेवटी म्हणालो, दिसत नाही. मोठ्याने म्हणालो. मला मोठ्याने बोलायची सवय नाही, आवाज चिरकला.

डावा गेलाच आहे. उजवा थेंबांनी टिकेल. त्या दिवसापासून टाकतो आहे, पण नेम चुकतो आणि निम्मे गालावर जातात. दाखला मॅनेजरकडून परत मागून घेतला. संहिता ठेवली त्याच्या टेबलावर. त्याने उठून मला दारापर्यंत सोडलं. मी आजवर त्याला मूर्ख समजत आलो.

खुर्ची नाही तेव्हा दिवस फार मोठा आहे. लोभ असू दे, एवढंच मागतो.
भाऊ

९ डिसेंबर

चि. भाऊस,
उदंड आशीर्वाद.

पत्र जावयाकडून मोठ्याने वाचून घेतलं. मला वाचवेना.

दिसत नाही. एवढे दोन शब्द तोंडातून काढायला तुला एक डोळा खर्ची घालावा लागला. बाबांनी दोन घातले आणि तरी काढले नाहीत.

रविवारी येते आहे. गुडघ्यांचं मी बघेन. तू थेंबांची बाटली माझ्या हातात द्यायची, खाली उताणा पडायचं आणि वर बघायचं, बाकी बडबड नको.

तुझी,
ताई