कोरडा डबा

१२ जुलै १९९४
जामखेडहून निघालो तेव्हा पायाखाली फुफाटा होता. अकोले गाव मागे पडल्यावर जीपचे वायपर थांबलेच नाहीत. आमच्याकडे वर्षात पडतो तेवढा पाऊस इथे घाटमाथ्यावर आठवड्यात पडतो म्हणे. माझं काम तो मोजायचं. राहायला जीपमागे ओढून आणलेला चाकांवरचा डबा : एक दार, दोन खिडक्या, झोपायला बाक. शेजारी तसाच दुसरा, तो भिमाजींचा. ते इथले जुने मोजणीदार. स्वतःची अशी खोली मला पहिल्यांदाच मिळाली. मजा वाटली.

१५ जुलै
दोन्ही खिडक्यांतून पाणी. दाराखालून तर ओहोळच. अंथरूण पिळून काढलं. भिमाजींचा डबा मात्र खडखडीत कोरडा. काचांभोवती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, दारावर पत्र्याची पन्हळ. मलाही पट्ट्या कापून दिल्या त्यांनी. छताजवळची जाळी तेवढी बुजवू नका म्हणाले : "शेगडी पेटवता न्हवं, दम कोंडंल." पट्ट्या लावल्या. तरी गळतंच.

१९ जुलै
साहेब आले. चहा भिमाजींकडे घेतला, नकाशे तिथेच पसरले. माझ्या वहीची फुगलेली पानं पाहून म्हणाले, भिमाजींकडून शिका. स्वयंपाकाच्या कडूबाईसुद्धा भाकरी आधी तिकडेच नेतात. मी बी.एस्सी., ते सातवी. पाऊस काय माणूस बघून आत येतो? माझ्याकडे पाणी त्या जाळीतूनच येतं. ती उघडी ठेवायला का सांगितलं, ते आता कळलं.

२१ जुलै
भिमाजी माप घ्यायला गेले तेव्हा त्यांच्या खिडकीच्या पट्ट्या ओढून काढल्या, माझ्या खिडकीला लावल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचं अंथरूण भिजलं. वळकटी घेऊन गावात कडूबाईंच्या पडवीत गेले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२३ जुलै
जाळीत चिंध्या कोंबल्या, वरून डांबर. दाराच्या फटींत आतून लांबी, काचा बसवायचा तो लगदा, भरली. उद्या रविवार, माप भिमाजी घेतात. मला बाहेर जायचंच नाही. कोळशाची शेगडी पेटवली. भिंती वाळल्या, लांबीही कडक झाली. आता साहेबांनी यावं.

२४ जुलै, सकाळ
डोकं ठणकतंय. दोनदा ओकलो. कंदिलाची ज्योत बारीक झाली आहे. पण थेंब नाही.

दुपार
पाय लटपटतात. बाहेर कुणीतरी फिरतंय. पत्र्यावर हात — खिडक्या चाचपतंय — पट्ट्या न्यायला आला असणार

भिमाजी. दार वाजवतायत. दार उघडा म्हणतात, शेगडी विझवा म्हणतात. आवाज रडवेला. माझा कोरडा डबा बघवत नाही त्यांना. नाही उघडणार

काच फोडतो म्हणाले — मी आतून खिडकीला पेटी टेकवली

आता वाजत नाही. गेले? दगड आणायला

उघडावंसं वाटतंय. रांगत दारापाशी आलो. लांबी दगडासारखी — नखांनी —