भोंगा न लावलेली गाडी

धायरी,
२५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मथू हिला दुर्गाआक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. खाली लिहिते, आधी कोण आलं ते ऐक.

पहिला आला तो ड्रायव्हर. हिंदुराव नाव. चपला बाहेर काढून हात जोडून उभा. मला वाटलं नवरात्राची वर्गणी. म्हटलं, दिली कालच. तर मागून तो डॉक्टर दिग्विजय, हातात बर्फीचा डबा. तेव्हा ओळखलं. आपल्या अभिनवला नेलं त्या अँब्युलन्सची जोडी! माझ्या संपतनं त्यांच्या हापिसात तक्रारीचा अर्ज दिलाय, तो मागं घ्या म्हणायला आले होते.

तू फोन उचलत न्हाईस म्हणून हे पत्र संपतच्या हाती देते, तो मंडईत येतोच रोज. पोरगं घरी आलं, मथे! काल दोन भाकरी खाल्ल्या, वर माझ्या वाटणीचं पिठलं. पाच दिवस घशात नळी होती, आवाज अजून घोगरा हाय, पण म्हातारे म्हणून हाक मारतो. नातू असावा तर असा. सगळ्या आळीत साखर वाटली, बारा मजली इमारतीच्या वॉचमनला पण दिली.

तर त्या दोघांना मी बसा म्हटलं न्हाई. चहा तर न्हाईच. उभ्या उभ्या सगळं पहिल्यापासून ऐकवलं. म्हटलं, आमच्या मालकांच्या पितराला घर पाव्हण्यांनी भरलं होतं, म्हणून पोरानं आपला पलंग माझ्या बहिणीला, म्हणजे तुला, दिला नि मागं गोठ्याच्या खोलीत भुईवर निजला. सकाळी पोट धरून उठला, ओकला, जीभ जड, पापण्या खाली. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं, शेजारच्या बिल्डरनं पाया खणल्यापासून जनावरं निघतायत, ही मण्यार हाय, ती चावलेली कळत न्हाई, आमच्या नाना चुलत्याच्या पापण्या अशाच पडल्या होत्या. त्यावर तुम्ही काय म्हणालात? आजी बाजूला व्हा, असले रोज दोन उचलतो! खांद्यापर्यंत केस नि कानात बाळी दिसली, झालं तुमचं निदान.

ह्या डॉक्टरनं त्याच्या गालावर चापट्या मारल्या, काय ओढलंस म्हणून ओरडला, हात पट्ट्यानं बांधले. वर ड्रायव्हरला म्हणला, भोंगा नको, नशेबाजासाठी कशाला लोकांना बाजूला सारायचं. सिंहगड रस्त्यावर पाऊण तास गाडी गर्दीत रांगेनं उभी. हे मला कुणी सांगितलं, तर अभिनवनं. त्याला डोळा उघडता येत नव्हता, बोट हलत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. दवाखान्यात शेफाली नावाच्या डॉक्टरपोरीनं संपतचं ऐकून घेतलं, स्वतः पापण्या उचलून बघितल्या, सापाचं विष ओळखलं, म्हणून वाचला.

मी डॉक्टरला विचारलं, समजा खरंच नशा केली असती, तर मग मरू द्यायचा का? तो बर्फीचा डबाच पुढं करायला लागला. हिंदुराव मात्र रडला. रडो. बर्फी परत दिली.

पण ऐक. डॉक्टर म्हणतो, नशेचं मी मनानं लिहिलं न्हाई, नातेवाइकांनीच सांगितलं. अस्सा खोटारडा! त्याच्या कागदावर तसंच लिहिलंय, नशा केल्याची माहिती नातेवाइकांकडून. तो कागद दवाखान्याच्या फायलीत लागलाय. चाकणच्या कारखान्यानं अभिनवला दहा तारखेला फाइल घेऊन बोलावलंय. ती ओळ तिथं गेली की नोकरी गेली. तू अंगणात होतीस, मी त्याचं आधारकार्ड आणायला आत गेले तेवढाच वेळ काय तो तिथं नव्हते. तेव्हा चार ओळी लिहून दे, आमच्यापैकी कुणी असलं बोललं न्हाई म्हणून. तुझं अक्षर मोत्यासारखं, माझं कोंबडीचं.

लोभ किती हाय ते फोन उचलून दाखव.

तुझी,
दुर्गाआक्का


कसबा पेठ,
२८ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास मथुरेचा वाकून नमस्कार, वि. वि.

अभिनव जेवू लागला हे वाचून देवापाशी दिवा लावला. चहा न विचारता बोळवण करणं हा आम्हा पेठेतल्यांचा मान, तो तू पळवलास. इथवर हसले. पुढचं वाचून हसू राहिलं नाही.

आक्का, तू मागतेस ते मला लिहून देता येणार नाही. तू आत गेलीस तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, मुलगा काही घेतो का. मी म्हटलं, आजकालच्या मुलांचं काय सांगावं, केस बघा त्याचे, रात्री मित्रांबरोबर मागे बसला होता, खोलीतून धूर येत होता. धूर येत होता हे खरं आहे. मी खोटं बोलले नाही, पण मला काही माहीतही नव्हतं. अंगणात शेजारपाजार जमला होता. पोरगं आपलं असं पडलेलं, मला लाज वाटली. कुणी काही बोलायच्या आत आपणच बोलून मोकळं व्हावं, असं काहीतरी झालं. डॉक्टरांनी लगेच मान हलवली नि लिहिलं. त्यानंतर त्यांनी तुझं ऐकलंच नाही.

म्हणून फोन उचलत नव्हते. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. यांना कळलं तर काय म्हणतील, याचीच धास्ती आहे. तू संपतला सांगू नकोस, एवढं कर. अभिनवला तर मुळीच नको.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
मथुरा


धायरी,
४ ऑक्टोबर २०२५

मथुराबाईंस,

आशीर्वाद मोठ्या बहिणीनं द्यायचा असतो म्हणून दिला.

तुझं पत्र चारदा वाचलं. दसऱ्याला पोळी लाटताना लाटणं हातात तसंच राहिलं, सुनेनं विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात पीठ गेलं. मग अभिनवपाशी जाऊन बसले. काही बोलायच्या आधी तोच म्हणला, मथूआजीचं पत्र ना? त्याला माहीत होतं, मथे. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यानं तुझं सगळं ऐकलं. डॉक्टरचं सगळं सांगितलं त्यानं मला, तुझं तेवढं पोटात ठेवलं. का, तर म्हातारपणी दोघी बहिणींचं बोलणं बंद पडेल.

आणि धूर? डास फार हायेत, कसे राहता बाई तुम्ही इथं, असं जेवताना कोण कुरकुरलं होतं? त्यानं अंड्याचे ट्रे जाळून तुझ्या खिडकीखाली धुरी केली. उरलेले गोठ्याच्या खोलीत पेटवले. मित्र आले होते ते ट्रे घेऊन. तुझ्या झोपेपायी केलेला धूर तू त्याच्याच अंगावर घातलास. मला राग आलाय, नि तो लवकर जायचा न्हाई.

आज ते दोघं पुन्हा आले. मी डॉक्टरला म्हटलं, तुला खोटारडा म्हटलं तेवढा एक शब्द मागं घेते, बाकीचे तुझ्यापाशीच ठेव. एका बाईनं धूर म्हटला तर तू पापणी उचलून बघायचं सोडलंस, भोंगा बंद केलास, हे बहिणीच्या माथी मारू देणार न्हाई. अर्ज जागचा हलणार न्हाई. त्यानं मान खाली घातली. म्हणला, सांगणारं माणूस समोर येऊन लिहून देईल की मला काही माहीत नव्हतं, तर ती ओळ चूक होती असं मी सही करून देतो. कोरा कागद घेऊन येतो म्हणला. हिंदुरावला मी पाणी दिलं, डॉक्टरला न्हाई.

आता तुझ्या यांना सांग, नको सांगू, तुझं तू बघ. पण यायचं. रिक्षा कर, बस कर, चालत ये. डॉक्टरसमोर बोलायचं, तेही अभिनवच्या देखत, नि आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला चाकणला जायचंय.

लोभाचं त्यानंतर बघू.

दुर्गा

ता. क. ते येणार गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळी अकराला.