तुमची नात ‘मले’ म्हणते

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण एक बातमी तुमच्यापर्यंत पोचली नसणार आणि ती मीच सांगावी असं मला फार वाटतं. तुमच्या शाळेची मुख्याध्यापिका आता मी आहे. मी म्हणजे उंद्रीच्या त्या एसटी कंडक्टरची मुलगी, जिला पाहुणे आले की तुम्ही प्रयोगशाळेत नेऊन बसवायचात. तुम्हाला आठवलं नसतं. बसवणाऱ्याला कुठं आठवतं?

मी पाचवीत आहे. संस्थेची माणसं येणार म्हणून सकाळपासून व्हरांडा फिनेलनं पुसून घेतलाय, मुलींच्या वेण्यांना नव्या रिबिनी आहेत. माझ्याही आहेत, आईनं मुद्दाम आणलेल्या. तुम्ही वर्गात येता, माझ्याकडे बोट करता आणि म्हणता, “तू नकाशे लावायला जा.” नकाशे आधीच लावलेले असतात. मी स्पिरिटच्या वासात स्टुलावर बसून राहते आणि बाहेर माझ्याच वर्गाचं स्वागतगीत ऐकते. मला ते सगळं पाठ होतं, चालीसकट.

त्या दिवशी बाबांची ड्युटी लवकर संपली होती. ते खाकी कपड्यांतच मला न्यायला आले आणि शोधत शोधत प्रयोगशाळेपर्यंत पोचले. “काऊन बसली व इथं एकटी?” मी म्हटलं, “मॅडमनं बसवलं.” ते मला घेऊन तुमच्या खोलीत आले. तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत. हसून म्हणालात, “तिच्या भल्यासाठीच हो. पाहुण्यांनी काही विचारलं आणि ही मले-तुले करायला लागली, तर हसं तिचंच होईल. आणि एक सांगू? तुमच्या लोकांसाठी गावात सरकारी शाळा आहे की. तिथं ती जास्त रमेल.” तुमच्या लोकांसाठी. विहाराशेजारी राहणाऱ्या आमच्या लोकांसाठी. बाबांनी हात जोडले. “हाव मॅडम. पण राहू द्या तिले. शिकून राह्यली चांगली.” बसमध्ये दारू प्यायलेल्यालाही एका शब्दात खाली उतरवणारा माझा बाप तुमच्यापुढे हात जोडून उभा होता. माझ्या रिबिनींचं सोडा. ते हात मी तुम्हाला कधीच माफ केले नाहीत.

म्हणून मी शिकले. सगळे म्हणतात, जिद्दीनं. जिद्द वगैरे नव्हती, राग होता. तुमच्या खुर्चीवर बसायचा राग. बसले तेव्हा शाळेत गरिबांसाठीच्या पंचवीस टक्के जागांतून आलेली मुलं होती, कायद्यानं घ्यावीच लागतात ती. पण त्यांची तुकडी वेगळी ठेवलेली होती, मागच्या इमारतीत, पंखे नसलेल्या खोलीत. तुम्ही नव्हतात, तुमची रीत होती. पहिल्याच उन्हाळ्यात मी सगळ्या तुकड्या मोडल्या आणि मुलं मिसळून बसवली. पालक चिडले. सगळ्यांत पुढे कोण असेल? तुमचा मुलगा.

मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मला काम नव्हतं. मी खिडकीतून मैदान पाहत होते. मग आत घेतलं. “मॅडम, ही शाळा माझ्या आईनं नावारूपाला आणली,” तो म्हणाला, “आणि माझ्या मुलीच्या शेजारी तुम्ही हमालाची मुलगी बसवलीय. आता घरी येऊन आमची पोरगी काय म्हणते माहितेय? ‘मम्मी, मले पाणी दे!’” मी अगदी तुमच्यासारखी हसले. म्हटलं, “तिच्या भल्यासाठीच हो. पटत नसेल तर गावात दुसऱ्या शाळा आहेत की.” त्याचा चेहरा पडला. तुमचंच नाक, तुमचीच हनुवटी. मी ते डोळे भरून पाहिलं. मुलगी त्यानं काढली नाही. आपली शाळा सोडून कुठं जाणार?

यंदा संस्थेची माणसं आली तेव्हा स्वागताला त्या दोघीच उभ्या केल्या. हमालाची मुलगी माइकवर म्हणाली, “या, बसा, आमच्या शाळेत तुमाले काई कमी पडनार नाई.” एक पाहुणे हसले. तुमची नात लगेच पुढे झाली, “हसून काऊन राह्यले?” मॅडम, तुम्ही असायला हव्या होतात. फक्त त्या एका मिनिटापुरत्या.

बाबांना सांगितलं तर ते खूश होतील असं वाटलं होतं. ते आता थकलेत, अंगणात खाटेवर असतात. ऐकून म्हणाले, “मेलेल्या बाईवर काऊन जळतं व माय? तिनं शाळेतून काढलं तं नाही ना तुले.” त्यांना माफ करता येतं. मला येत नाही, आणि यावं असंही वाटत नाही. ती पोरं एका बाकावर बसतात हे चांगलंच झालं, पण मी ते चांगुलपणानं केलं असं कुणी म्हटलं की मी विषय बदलते.

हे पत्र कुठं टाकणार? फाडून टाकीन. पण एक तेवढं सांगते. ऑफिसात तुमचा हार घातलेला फोटो होता. रंगकाम आहे म्हणून मी तो उतरवून घेतला. शिपाई अधूनमधून विचारतो, कधी लावायचा. मी म्हणते, भिंत अजून ओली आहे. ती दोन पावसाळ्यांपूर्वीच वाळली.